फोटो गेले, जागा मात्र झाली नाही

प्रश्न : जीमेल उघडलं की महिनाभर लाल पट्टी दिसते आहे, स्टोरेज भरलं, जागा विकत घ्या. दहा दिवसांपूर्वी तर मेल येणंच थांबलं. मुलीच्या प्रवेशाचं पत्र परत गेल्याचं कॉलेजने फोन करून कळवलं. घाबरून मी फोनमधल्या गूगल फोटोज अ‍ॅपमधून २०१६ ते २०१९ चे जवळजवळ दोन हजार फोटो काढून टाकले. जुने आहेत, तेवढी जागा होईल असं वाटलं. आकडा तसूभरही हलला नाही, आणि फोटो मात्र लॅपटॉपवरूनही गेले. फोनमध्ये तर ६० जीबी रिकामे दाखवतात! शेवटी नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. पलीकडच्या माणसाने स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावलं, कोड मागितला. तेवढ्यात यजमानांनी फोन घेऊन बंद केला. फोटो परत मिळतील का? की पैसे भरून मोकळी होऊ?
ता. क. लॅपटॉपवर वनड्राइव्हही भरलंय म्हणतं. ते बंद केलं तर डेस्कटॉपवरच्या फायली जातात, असं मैत्रीण म्हणते. खरं का?

उत्तर :

नमस्कार ताई,

फोटो बहुतेक परत मिळतील, पण ते काम आजच करा. बाकीचं वाचन नंतर. लॅपटॉपवर गूगल फोटोज उघडा. डावीकडे 'ट्रॅश' किंवा 'बिन' असं लिहिलेलं असेल, त्यात जा. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात, म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे. ज्यांचा बॅकअप झालाच नव्हता असे फोनमधले फोटो मात्र ३० दिवसांतच जातात, म्हणून फोनवरच्या अ‍ॅपमधला ट्रॅशही उघडून पाहा. लॅपटॉपवर पहिल्या फोटोवर खूण करा, शिफ्टचं बटण दाबून धरा आणि शेवटच्या फोटोवर क्लिक करा. मधले सगळे एकदम निवडले जातात. मग 'रिस्टोअर' दाबा. तिथेच शेजारी 'एम्प्टी ट्रॅश' असतं. त्याला हात लावू नका. त्यानंतर परतीचा रस्ता नाही. एकदम दोन हजार निवडल्यावर पान अडकलं, तर तीनशे-चारशेच्या गटांनी करा.

दुसरं काम त्या फोनवाल्या माणसाचं. जीमेल, फोटो, ड्राइव्ह यांची मोफत खाती वापरणाऱ्यांसाठी फोन करून माणसाशी बोलता येईल अशी सोय नसते. ही पोकळी लबाडांना नेमकी ठाऊक असते, म्हणून शोधात वर येतील असे खोटे नंबर ते पेरून ठेवतात. स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप अजून फोनमध्ये असेल तर आधी काढून टाका. प्ले स्टोअरऐवजी एखाद्या लिंकवरून काही टाकायला लावलं होतं का, ते आठवून पाहा. तसं असेल तर फोटोंची प्रत काढून झाल्यावर फोन फॅक्टरी रीसेट करणं, म्हणजे आतलं सगळं पुसून तो नव्यासारखा करणं, हाच खात्रीचा उपाय. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' उघडा आणि तिथे कुठल्या अनोळखी अ‍ॅपला परवानगी दिलेली दिसली तर बंद करा. पासवर्ड लॅपटॉपवरून बदला, त्या फोनवरून नको. गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' भागात 'युअर डिव्हायसेस' आहे, तिथे ओळखीचं नसलेलं जे उपकरण दिसेल त्याला साइन आउट करा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू नसेल तर चालू करा.

एक जागा बहुतेक जण तपासायची विसरतात, ती म्हणजे जीमेलची स्वतःची सेटिंग्ज. 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' हे दोन्ही भाग उघडून पाहा. आत शिरलेला माणूस तिथे तुमचे मेल स्वतःकडे वळवून ठेवतो, आणि पासवर्ड बदलला तरी ते वळण तसंच राहतं. ओटीपी किंवा यूपीआय पिन चुकून सांगितला गेला असेल, तर पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेल्या नंबरावर बँकेला लगेच कळवा.

आता मूळ दुखणं. दोन हजार फोटो काढूनही जागा का झाली नाही?

कारण ते फोटो जागा घेतच नव्हते. गूगल फोटोज २०१५ साली सुरू झालं, तेव्हा 'हाय क्वालिटी'त, म्हणजे थोडे दाबून ठेवलेले फोटो कितीही चढवा, फुकट, असा नियम होता. ही सवलत १ जून २०२१ ला संपली. पण त्या तारखेआधी त्या दर्जात चढवलेले फोटो आजही खात्याला मोफत मिळणाऱ्या १५ जीबीच्या हिशोबात धरले जात नाहीत. तुमचे २०१६ ते २०१९ चे फोटो नेमके त्यातले. जुनं ते आधी काढावं हे घरातल्या कपाटाला बरोबर आहे, इथे उलटं आहे. जागा खाल्ली आहे ती जून २०२१ नंतरच्या फोटोंनी, आणि त्याहून जास्त व्हिडिओंनी. कुठलाही फोटो उघडून त्याची माहिती पाहिलीत, की बॅकअपच्या ओळीत तो जागा घेतो की नाही हे लिहिलेलं असतं. लाल पट्टी दाखवणाऱ्या कंपनीला हे माहीत असतं. काढण्याआधी 'याने जागा होणार नाही' एवढं एक वाक्य दाखवणं तिला अवघड नव्हतं, आणि ते दाखवत नाही याचा मला मनापासून राग आहे.

यातूनच एक सावधगिरी. ते जुने फोटो ट्रॅशमधूनच परत आणा. कुणी म्हणेल, पेनड्राइव्हवर प्रत आहे, ती पुन्हा चढवू. पुन्हा चढवलेल्या फोटोला आजचा नियम लागतो आणि तो जागा खातो.

फोनमधले ६० जीबी आणि खात्यातले १५ जीबी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिली जागा तुमच्या हातातल्या यंत्रातली, दुसरी कंपनीच्या संगणकावरची. त्या १५ जीबीत तिघे भागीदार आहेत : जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो. तिघांपैकी कुणीही जागा भरली की दार तिघांचंही बंद होतं, म्हणून फोटोंच्या गर्दीमुळे मुलीच्या प्रवेशाचं पत्र अडलं. अँड्रॉइड फोन असेल तर चौथाही भागीदार आहे, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप. तो पूर्वी मोजला जात नसे. २०२४ पासून मोजला जातो. कित्येकांची खाती अचानक भरली ती यामुळेच.

खातं भरलं की जुने मेल वाचता येतात, पण नवं येत नाही आणि पाठवताही येत नाही. येणारं मेल कुठे थांबून राहत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातं. काही सर्व्हर थोडा काळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, त्यामुळे जागा लवकर झाली तर अलीकडचं एखादं पोचेलही, पण त्यावर विसंबू नका. या दहा दिवसांत जे परत गेलं ते आपोआप येणार नाही. कॉलेज, बँक, विमा, ज्यांच्याकडून काही यायचं होतं त्यांना पुन्हा पाठवायला सांगा. कॉलेजला तूर्त घरातल्या दुसऱ्या कुणाचा ईमेल पत्ता द्या, म्हणजे पुढचं काम तुम्हाला घाईने करावं लागणार नाही.

आणि घाई नसावीच. खातं सलग दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलं, तर आतलं सगळं काढून टाकण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे. दोन वर्षं, दोन दिवस नव्हे. 'आज पैसे भरले नाहीत तर उद्या फोटो जातील' असं सांगणारं मेल आलं, तर ते खोटं समजा आणि त्यातल्या लिंकवर जाऊ नका. आकडा पाहायचा असेल तर स्वतः गूगल खातं उघडून 'स्टोरेज'च्या पानावर जा.

साफसफाईला हात घालण्याआधी प्रत काढायची. फोटोज अ‍ॅप तुम्हाला फोनमधले फोटो आणि कंपनीकडचे फोटो एकाच पडद्यावर, एकत्र दाखवतं. त्यामुळे तिथे काढलेला फोटो दोन्हीकडून जातो. लॅपटॉपवरून गेला तो असा. बॅकअप म्हणजे वेगळी, अलग ठेवलेली प्रत, आणि इथे तर एका हाताने खोडलेलं दुसऱ्या हातातूनही पुसलं जातं. म्हणून कंपनीबाहेर, तुमच्या ताब्यात एक प्रत असल्याशिवाय काहीही काढू नका.

फोटो फोनमध्येच असतील तर केबलने लॅपटॉपला जोडा, फोनवर येणाऱ्या सूचनेत 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि 'डीसीआयएम' या फोल्डरमधला 'कॅमेरा' बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो त्याच्याच वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, तेही घ्या. कधी काळी 'फ्री अप स्पेस' दाबलं असेल, तर मात्र फोनमध्ये मूळ फोटो नाहीत, दिसतात ते कंपनीकडून आलेले. असे फोटो उतरवायला 'गूगल टेकआउट', म्हणजे खात्यातला आपला डेटा उतरवून घेण्याची गूगलचीच सोय, वापरावी लागते.

टेकआउटमध्ये लोक कुठे अडकतात ते सांगतो. उघडल्यावर सगळ्या सेवांवर खुणा केलेल्या असतात. 'डीसिलेक्ट ऑल' दाबा आणि फक्त 'गूगल फोटोज' निवडा. त्यातही अल्बमची यादी उघडा आणि 'फोटोज फ्रॉम २०१६', 'फोटोज फ्रॉम २०१७' अशा वर्षांच्या फोल्डरवर तेवढ्या खुणा ठेवा. नाहीतर अल्बममधले फोटो पुन्हा वेगळे उतरतात आणि पसारा वाढतो. पुढे कुठे पोचवायचं असं विचारतात, तिथे 'ड्राइव्हमध्ये ठेवा' हा पर्याय निवडू नका. ड्राइव्हच तर भरलेलं आहे. डाउनलोडची लिंक निवडा. फाइलचा आकार आपोआप २ जीबी असतो, तो १० जीबी करा म्हणजे तुकडे कमी होतील, पण इंटरनेट मध्येच तुटत असेल तर २ जीबीच बरे. तयार व्हायला काही तासांपासून एक-दोन दिवसही लागतात. झाल्याचं मेल येतं, पण तुमच्याकडे मेल येणं बंद आहे. म्हणून मेलची वाट न पाहता टेकआउटचंच पान अधूनमधून उघडा, लिंक तिथे दिसते. ती साधारण आठवडाभरच चालते, तेव्हा लगेच उतरवा.

उतरलेल्या सगळ्या झिप, म्हणजे गठ्ठा बांधलेल्या फाइली, एकाच फोल्डरमध्ये उघडा. प्रत्येक फोटोसोबत 'जेसन' नावाची एक छोटी फाइल येते. कचरा समजून ती फेकू नका. अ‍ॅपमध्ये तुम्ही हाताने बदललेल्या तारखा, लिहिलेल्या ओळी, ठिकाणं त्यात असतात. उतरवलेल्या फाइलची तारीख आजची दिसली तरी घाबरू नका. कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली तारीख शाबूत असते. मग पाच-सहा वेगवेगळ्या वर्षांतले फोटो आणि दोन-तीन व्हिडिओ उघडून पाहा. ते नीट उघडले, की मगच पुढे. डिस्कही कधीतरी बंद पडते, म्हणून जमलं तर दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत ठेवा.

आता जागा करू. पहिल्यांदा आत येणारा ओघ थांबवा : फोटोजचा बॅकअप बंद, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही तात्पुरता बंद. नाहीतर तुम्ही एक जीबी रिकामा कराल आणि रात्रीत फोन तो परत भरेल. हे न केल्यामुळे 'कितीही काढलं तरी भरतंच' अशी तक्रार फार ऐकू येते.

जीमेलचं काम लॅपटॉपवरच करा. फोनच्या अ‍ॅपवर ते फार किचकट होतं. 'स्पॅम' आणि 'ट्रॅश' हे दोन्ही आधी रिकामे करा, कारण त्यांतली मेलंही मोजली जातात आणि ३० दिवस तशीच पडून असतात. फोटोंच्या ट्रॅशबद्दल मघाशी नको म्हटलं, ही जीमेलची ट्रॅश वेगळी. मग शोधाच्या चौकटीत उजव्या टोकाला छोटं चिन्ह आहे, ते दाबलं की एक फॉर्म उघडतो. त्यात 'साइझ' पुढे 'ग्रेटर दॅन' आणि १० एमबी भरा. येतील ती सगळी जड मेलं. हजारो जाहिरातींची मेलं एकेक करून काढत बसण्यापेक्षा हे कितीतरी फायद्याचं, कारण २० एमबीच्या एका मेलएवढी जागा व्हायला साधी मेलं शेकड्यांनी काढावी लागतात. जोडलेली फाइल मेलमध्ये मूळ आकारापेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त जागा घेते, हेही लक्षात असू द्या. पाठवलेली मेलंही मोजली जातात, तेव्हा 'सेंट'मधलेही शोधात येतील. नुसती जोडलेली फाइल काढून मेल ठेवायची सोय जीमेलमध्ये नाही, म्हणून कामाची फाइल आधी लॅपटॉपवर उतरवा, मेलमधला मजकूर हवा असेल तर पीडीएफ करून ठेवा आणि मग ते मेल काढा. दहा एमबीचं संपलं की ५ एमबीवर या. वरच्या चौकटीतली खूण एका पानावरची ५० मेलंच निवडते. शोधातली सगळी हवी असतील तर लगेच खाली येणाऱ्या ओळीवर दाबावं लागतं. शेवटी पुन्हा ट्रॅश रिकामी करा, तोवर जागा होत नाही.

ड्राइव्ह चटकन होतं. डाव्या बाजूला 'स्टोरेज' दाबलं की तुमच्या फायली मोठीपासून लहानापर्यंत ओळीने लागतात. वरच्या दहा-बारा पाहिल्या तरी पुरे. 'शेअर्ड विथ मी'मधल्या फायली काढून काही मिळत नाही, त्या ज्याच्या आहेत त्याच्या खात्यात मोजल्या जातात. उलट तुमच्या मालकीची फाइल दुसरे वापरत असतील तर त्यांना सांगूनच काढा, त्यांच्याकडूनही ती जाईल. ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज अ‍ॅप्स' असतं. तिथे जुन्या अ‍ॅपनी लपवून ठेवलेला डेटा दिसतो, तो नकोसा असेल तर काढता येतो. ड्राइव्हचीही ट्रॅश वेगळी असते, तीही रिकामी करा.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये बरंच सापडेल. सेटिंग्जमध्ये 'चॅट्स', मग 'चॅट बॅकअप' उघडलंत की बॅकअप किती मोठा आहे ते दिसतं. तिथे 'इन्क्लूड व्हिडिओज' बंद करा. नंतर 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये 'मॅनेज स्टोरेज' आहे. ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि पुन्हा पुन्हा फिरलेले संदेश तिथे वेगळे काढून दाखवलेले असतात. सुप्रभाताचे व्हिडिओ, फिरत फिरत आलेली भाषणं, सगळं तिथे. काढून झाल्यावर 'बॅक अप' एकदा हाताने दाबा, कारण जुना मोठा बॅकअप नव्या छोट्या बॅकअपने पुसला जाईपर्यंत कंपनीकडे तसाच राहतो. खात्यात आधी थोडी जागा नसेल तर हा नवा बॅकअप होणारच नाही, म्हणून जीमेल आणि ड्राइव्ह आधी, व्हॉट्सअ‍ॅप नंतर.

याच फायली दोनदा मोजल्या जात असण्याचीही दाट शक्यता आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा व्हिडिओ त्याच्या बॅकअपमध्ये असतो, आणि फोटोज अ‍ॅपला ते फोल्डर उचलायला सांगितलेलं असेल तर तिथेही चढतो. फोटोजच्या बॅकअप सेटिंगमध्ये 'बॅक अप डिव्हाइस फोल्डर्स' उघडा आणि कॅमेऱ्याखेरीज बाकीचे, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस, व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ, स्क्रीनशॉट्स, सगळे बंद करा. ही एक कळ पुढच्या कित्येक महिन्यांचा त्रास वाचवते.

राहिले फोटोजमधले व्हिडिओ. स्टोरेजच्या पानावर मोठ्या फोटो-व्हिडिओंची वेगळी यादी मिळते, मोठा आधी. ४के, म्हणजे अतिस्पष्ट दर्जाचा व्हिडिओ फोनच्या सेटिंगप्रमाणे मिनिटाला साधारण १७० ते ४०० एमबी घेतो, म्हणजे जड सेटिंगवर पूर्ण १५ जीबी पाऊण तासाच्या आत संपतात. त्याखालच्या १०८०पी दर्जाला ६० ते १३० एमबी. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये १०८०पी करून ठेवा. फोनच्या पडद्यावर पाहायच्या घरगुती व्हिडिओंना ते पुष्कळ झालं. डिस्कवर प्रत असलेले मोठे व्हिडिओ मग निर्धास्त काढा. सगळे फोटो फोनमध्ये ठेवून फक्त कंपनीकडची प्रत काढायची असेल, तर अलीकडच्या अ‍ॅपमध्ये बॅकअप सेटिंगच्या तळाशी 'अन्डू बॅकअप फॉर धिस डिव्हाइस' असं मिळतं. ते त्या फोनवरून चढलेलं सगळंच कंपनीकडून काढतं, तेव्हा प्रत नसताना दाबू नका.

'स्टोरेज सेव्हर'मध्ये बदला, असाही सल्ला पान देईल. त्याने मोठे फोटो १६ मेगापिक्सेलवर आणि व्हिडिओ १०८०पी वर आणले जातात. जागा बरीच होते, पण मूळ दर्जा कंपनीकडून परत मिळत नाही. मूळ फायली डिस्कवर असतील तरच करा. इतकं करूनही आकडा लगेच बदलला नाही तर एक दिवस थांबा. तो उशिरा हलतो.

पैसे भरायचे का? माझं मत असं : प्रत काढून, साफ करून आकडा १२ जीबीच्या खाली आला, तर भरू नका. दर महिन्याला एक-दोन जीबी नवे फोटो निघत असतील, आणि डिस्कवर उतरवण्याचं काम नियमित होणार नाही असं मनात ठाऊक असेल, तर भरा. त्यात कमीपणा नाही. पण महिन्याचं घ्या, वर्षाचं नको, आणि ते प्ले स्टोअर किंवा गूगल खात्याच्या पानावरूनच, मेलमधल्या लिंकवरून कधीच नाही. विकत घेतलेली जागा आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येते. प्रत्येकाच्या फायली त्याच्या त्यालाच दिसतात. प्रवेशाची तारीख अगदी तोंडावर असेल, तर एका महिन्याचे पैसे भरून मेल चालू करणं आणि त्या महिन्यात ही सगळी कामं उरकणं हाही शहाणपणाचा मार्ग आहे. बंद करताना प्ले स्टोअरच्या 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन रद्द करायचं. अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे पैसे कापणं थांबत नाही. रद्द केल्यावर मुदत संपेल त्या दिवशी तुम्ही १५ जीबीच्या वर असाल, तर मेल पुन्हा थांबेल.

तुमच्या ताजा कलमाबद्दल : मैत्रीण अर्धं बरोबर सांगते. विंडोजमध्ये वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागेचा, बॅकअप चालू असला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरात हलवले जातात, आणि मोफत जागा ५ जीबीच असते. बॅकअप बंद केला की डेस्कटॉप रिकामा दिसतो, कारण फायली तिकडेच राहिलेल्या असतात. गेलेल्या नसतात. बंद करण्याआधी फाइल एक्सप्लोररमध्ये वनड्राइव्हच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि निळ्या ढगांच्या जागी हिरव्या खुणा येईपर्यंत थांबा. निळा ढग म्हणजे फाइल लॅपटॉपमध्ये नाहीच, नुसतं नाव आहे. मग घड्याळाशेजारच्या ढगावर क्लिक करा, सेटिंग्जमध्ये 'सिंक अँड बॅकअप', त्यात 'मॅनेज बॅकअप', आणि एकेक फोल्डर बंद करा. फायली कुठे ठेवायच्या असं विचारलं तर 'ओन्ली ऑन माय पीसी' निवडा. विचारलं नाही, तर वनड्राइव्हच्या आतल्या 'डेस्कटॉप' फोल्डरमधून त्या स्वतः खऱ्या डेस्कटॉपवर हलवा. हलवल्यावर त्या वनड्राइव्हवरून जातील, तेव्हा ज्या डिस्कवर फोटो उतरवले तिच्यावरच यांचीही एक प्रत आधी टाकून ठेवा.